डिझाइन तयार आहे, पण खोका ठरला आहे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ३० मिलिलीटरच्या काचेच्या ड्रॉपर बाटलीत चेहऱ्याचे सीरम भरून आपण ते विक्रीस आणणार आहात. खोक्याचे डिझाइन तयार आहे: मॅट काळी पार्श्वभूमी, त्यावर बारीक पांढरी अक्षरे आणि सोनेरी फॉइलमध्ये उत्पादनाचे नाव. खोके २,००० हवे आहेत, हातात सात आठवडे आहेत, आणि तीन छापखान्यांच्या दरपत्रकांत सर्वांत कमी व सर्वांत जास्त दरांमध्ये दुपटीहून अधिक अंतर आहे. बाटली दोन पुरवठादारांपैकी कोणाची घ्यायची हे अजून नक्की झालेले नाही, असे आपण अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. या तिघांपैकी कोणता छापखाना निवडावा, असे आपण विचारता.

माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ ती शेवटचीच आहे. खोका हे बाटलीचे माप घेऊन शिवलेले कापड आहे. बाटलीच ठरलेली नसेल तर छापखान्याने दर नेमका कशाचा द्यायचा? आपल्याला मिळालेली तीन दरपत्रके ही बहुधा तीन वेगवेगळ्या खोक्यांची आहेत. एकाने ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) मागून करडा असणारा डुप्लेक्स बोर्ड आणि वर साधे वार्निश धरले असेल. दुसऱ्याने ३५० जीएसएमचा, दोन्ही बाजूंनी पांढरा बोर्ड आणि मॅट लॅमिनेशन, म्हणजे वर चिकटवलेली बिनचमकीची पातळ फिल्म, धरले असेल. तिसऱ्याने डाय (खोका कापून घड्या पाडणारा साचा) आणि फॉइलचा ब्लॉक (फॉइल उमटवणारा ठसा) यांचा खर्च दरातच मिळवला असेल, तर पहिल्याने तो 'स्वतंत्र' असे लिहून सोडून दिला असेल. अशा तीन आकड्यांची तुलना करून स्वस्त-महाग ठरवता येत नाही. म्हणून छापखान्याच्या निवडीवर येण्यापूर्वी खोका कसा ठरवायचा ते सविस्तर लिहितो. मी वीसेक वर्षे हेच काम करतो आहे, आणि बिघडलेली कामे आठवली तर त्यांतली फार थोडी प्रत्यक्ष छपाईत बिघडली होती. बहुतेक त्याच्या कितीतरी आधी, मोजमापात किंवा कागदपत्रांत बिघडली होती.

काही गोष्टी मला येथून सांगता येणार नाहीत. माल दुकानाच्या फळीवर उभा राहणार की कुरियरने एकेक करून घरी जाणार, यावर खोक्याची रचना बदलते. कोणत्या देशात विकणार यावर खोक्यावर कोणता मजकूर सक्तीचा आहे ते ठरते, आणि ते त्या देशाचा कायदा जाणणाऱ्या व्यक्तीकडून आधीच लेखी घ्यावे. साठवणुकीची हवा कोरडी की दमट, बाटल्या हाताने भरणार की यंत्राने, हेही आपणच पाहायचे आहे. पुढचे विवेचन वाचताना या गोष्टी मनात ठेवाव्यात.

प्रथम बाटली. पुरवठादाराच्या पत्रकावरचे माप घेऊन खोका काढू नये. काचेच्या बाटल्या साच्यागणिक किंचित बदलतात, ड्रॉपरचे झाकण कमी-जास्त आवळले जाते, रबरी फुगा दाबला की उंची बदलते आणि लेबल चिकटवल्यावर व्यास वाढतो. ज्या पुरवठादाराची बाटली घ्यायची त्याच्या किमान वीस बाटल्या मागवाव्यात, त्या भरून, झाकण लावून, लेबल चिकटवून मोजाव्यात, आणि सरासरी न धरता सर्वांत मोठी बाटली प्रमाण धरावी. एका कामात बाटलीचे माप आम्हाला फक्त कागदावर मिळाले होते. खोके छापून, चिकटवून तयार झाले; मग भरलेल्या बाटल्या आल्या, तर पुरवठादाराने मधल्या काळात ड्रॉपर बदलला होता आणि उंची दीड मिलिमीटरने वाढली होती. वरची झडप बंद होत होती, पण सोडली की पुन्हा उघडत होती. पाच हजार खोके, छपाई निर्दोष, आणि एकही वापरता आला नाही. त्या दिवसापासून मी प्रत्यक्ष वस्तू हातात आल्याशिवाय डायचे काम सुरू करत नाही.

माप लिहिताना ते आतले की बाहेरचे, हे स्पष्ट लिहावे. खोक्याच्या धंद्यात लांबी, रुंदी आणि उंची याच क्रमाने मापे लिहितात; पहिली दोन मापे तोंडाची आणि तिसरे खोलीचे. बाटलीचा व्यास लेबलासह ३३ मिलिमीटर आला, तर आतले माप ३४.५ ते ३५ मिलिमीटर ठेवावे असा माझा अनुभव आहे. त्याहून सैल केले तर बाटली आत खडखडते, आणि घट्ट केले तर भरणाऱ्याच्या हातून लेबल घासले जाते. उंचीलाही दोन मिलिमीटरपर्यंत मोकळीक द्यावी, कारण वरच्या आणि खालच्या झडपांच्या बोर्डाची जाडी आतली जागा खाते.

बुडाची रचना बाटलीच्या वजनावर ठरते. काचेची भरलेली बाटली शंभर ग्रॅमच्या आसपास असेल, तर दोन्ही टोकांना नुसती आत सरकणारी झडप पुरेशी होते. मात्र खालची झडप बाटलीच्या धक्क्याने उघडू नये म्हणून तिला कडेला छोटे काप देऊन अडकवण्याची सोय करावी. वजन याहून बरेच जास्त असेल किंवा भरण्याचा वेग मोठा असेल, तर यंत्रावर आधीच चिकटवलेले, उघडताच आपोआप बसणारे लॉक बॉटम घ्यावे. त्याला बोर्ड आणि चिकटवणी जास्त लागते, पण भरणाऱ्याचे श्रम वाचतात. २,००० खोके हाताने भरायचे असतील तर एका खोक्यामागे वाचणारे पाच सेकंद म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास होतात. तो खर्च खोक्याच्या दरात दिसत नाही, पण आपल्यालाच द्यावा लागतो.

यानंतरची पायरी लोक सर्वांत सहज गाळतात, आणि मी तिच्यावर सर्वांत जास्त जोर देतो. ज्या बोर्डावर छपाई होणार त्याच बोर्डाचे, त्याच मापाचे, कोरे, छपाई नसलेले आठ-दहा खोके कापून घ्यावेत. याला आम्ही व्हाइट डमी म्हणतो. बहुतेक चांगल्या छापखान्यांकडे किंवा डाय करणाऱ्यांकडे नमुने कापण्याचे संगणकीय यंत्र असते आणि त्यासाठी डाय बनवावी लागत नाही. त्या डमीत भरलेली बाटली घालावी, उलटी धरून हलवावी, झडप वीस वेळा उघडबंद करावी, खोका न बघता एका हाताने उघडता येतो का ते पाहावे, आणि घरातल्या किंवा कार्यालयातल्या ज्या व्यक्तीचा या कामाशी संबंध नाही तिच्या हातात तो द्यावा. ती व्यक्ती खोका कोणत्या बाजूने उघडते ते शांतपणे पाहावे. उघडण्याची बाजू आणि नावाची बाजू यांचा मेळ नसेल तर ते येथेच कळते, आणि दुरुस्ती एका तासात होते.

बोर्ड निवडताना केवळ जीएसएम पाहू नये. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर बोर्डाचे ग्रॅममधले वजन. त्यावरून ताठपणा कळत नाही. एकाच वजनाचे दोन बोर्ड जाडीने वेगळे असू शकतात, आणि जाडी थोडी वाढली तरी ताठपणा बराच वाढतो. म्हणून मधले थर फुगीर लगद्याचे असलेला ३०० जीएसएमचा बोर्ड हा दाबून घट्ट केलेल्या ३५० जीएसएमच्या बोर्डाइतका ताठ भरू शकतो. दरपत्रकात वजनाबरोबर जाडीही मायक्रॉनमध्ये मागावी. दुसरी गोष्ट बोर्डाच्या तंतूंच्या दिशेची, जिला ग्रेन म्हणतात. पुस्तकात ग्रेन घडीला समांतर ठेवतात. खोक्यात ती साधारणपणे उभ्या घड्यांना आडवी, म्हणजे खोक्याभोवती फिरणारी ठेवतात, त्यामुळे बाजू फुगत नाहीत. कागदाच्या शीटवर जास्त खोके बसवण्यासाठी काही ठिकाणी मांडणी फिरवली जाते आणि ग्रेन उलटी होते. खोके दिसायला तेच असतात, पण महिन्याभरात त्यांची पोटे बाहेर येऊ लागतात. मांडणी ठरण्यापूर्वीच ग्रेनची दिशा लिहून द्यावी.

कापणाऱ्या आणि घडी पाडणाऱ्या पात्या एकाच साच्यात बसवून एका दाबात खोका तयार करण्याची पद्धत रूढ कशी झाली, याची कथा या विषयातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला वाटते. ब्रुकलिनमधले मुद्रक आणि कागदी पिशव्यांचे उत्पादक रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात १८७९ मध्ये पिशव्यांवर घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि घडी पाडण्याऐवजी तिने पिशव्या कापल्या. त्या बिघाडातून गेअर यांना सुचले की कापणे आणि घडी पाडणे ही दोन्ही कामे एकदम करता येतील. आज आपल्या खोक्याची डाय त्याच तत्त्वावर चालते: लाकडी फळीत बसवलेल्या धारदार पट्ट्या कापतात आणि बोथट पट्ट्या घडी दाबतात. बोथट पट्टीची रुंदी आणि तिच्यासमोरच्या खाचेची रुंदी बोर्डाच्या जाडीवर ठरते. म्हणूनच डाय झाल्यावर 'जरा जाड बोर्ड वापरू या' असे म्हणणे महागात पडते. घडी फाटते किंवा नीट वळत नाही.

आता दरपत्रकाचे पाहू. डमी पसंत पडली की एका पानाचे तपशीलपत्र तयार करावे. त्यात आतली मापे, रचना, बोर्डाचा प्रकार, वजन व जाडी, ग्रेनची दिशा, रंगांची संख्या, विशेष रंग असल्यास त्याचा क्रमांक, लॅमिनेशनचा प्रकार, फॉइलचे क्षेत्रफळ, चिकटवण्याची पद्धत, संख्या, बांधणी आणि पोचवण्याची तारीख असावी. डाय, प्लेट (प्रत्येक शाईसाठी लागणारा छपाईचा पातळ पत्रा) आणि फॉइलचा ब्लॉक यांचा खर्च वेगळा दाखवावा, आणि डाय कोणाच्या मालकीची राहील हे लिहावे, असेही त्यात म्हणावे. संख्येतला फरक किती चालेल हेही आधीच ठरवावे. मागणीपेक्षा दहा टक्के कमी किंवा जास्त माल देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि २,००० ऐवजी १,८०० खोके आले तर आपल्या दोनशे बाटल्या खोक्याविना राहतील. हे एकच पान तिघांना पाठवून नव्याने दर मागवावेत. पहिल्या फेरीतले दुपटीचे अंतर पुष्कळ कमी झालेले आपल्याला दिसेल, आणि जे अंतर उरेल ते खरे असेल.

संख्येविषयी आपण विचारलेले नाही, पण छापखाने आपल्याला ५,००० किंवा १०,००० छापण्याचा आग्रह करतील, म्हणून दोन शब्द. ऑफसेट छपाईत प्लेट, डाय, ब्लॉक आणि यंत्र रंगावर आणण्यासाठी जाणारा वेळ व कागद हा खर्च संख्या कितीही असली तरी जवळजवळ तेवढाच राहतो. १,००० खोक्यांवर तो वाटला आणि त्याला १०० म्हटले, तर २,००० ला तो प्रत्येकी ५० होतो, ५,००० ला २० आणि १०,००० ला १०. म्हणजे दरातली मोठी घट सुरुवातीच्या टप्प्यातच पदरात पडते. ५,००० वरून १०,००० वर जाण्याने वाचते ते थोडे, आणि अडकते ते पुष्कळ. पहिल्या आवृत्तीचा मजकूर हमखास बदलतो, एखादा घटक बदलतो, पत्ता बदलतो. माझा सल्ला असा की पहिल्या वेळी चार ते सहा महिन्यांत खपेल एवढेच छापावे. संख्या काही शेकड्यांत असती तर मी डिजिटल छपाई सुचवली असती, कारण तिला प्लेट लागत नाही. २,००० ही संख्या सीमेवरची आहे, त्यामुळे दोन्हींचे दर मागवावेत. परंतु सबंध पृष्ठभागावर गडद काळा रंग असताना डिजिटलचा काळा घडीवर तडकतो का, हे प्रत्यक्ष नमुन्यावर वळवून पाहावे.

आता डिझाइनकडे वळतो, आणि येथे मला आपल्याला थोडे निराश करावे लागेल. आपले तयार डिझाइन डायलाइनवर, म्हणजे कापण्याच्या व घडीच्या रेघांच्या आराखड्यावर, नव्याने बसवावे लागेल, आणि आपण निवडलेली शैली ही छपाईच्या दृष्टीने सर्वांत कठीण शैलींपैकी एक आहे. ती सोडून द्यावी असे मी म्हणत नाही. तिच्यासाठी काय काळजी घ्यावी लागते ते सांगतो.

काळा रंग नुसत्या काळ्या शाईने मोठ्या पृष्ठभागावर छापला तर तो करडसर, पातळ दिसतो. म्हणून त्याखाली इतर शाया थोड्या घालतात. उदाहरणार्थ निळा ४०, गुलाबी ३०, पिवळा ३० आणि काळा १०० टक्के. नेमके प्रमाण छापखान्याला विचारावे, कारण शायांची बेरीज फार वाढली की शीट वाळत नाही आणि एकमेकींना डाग लावतात. या चार शायांच्या काळ्यातून पांढरी अक्षरे कोरून काढायची असतील तर अडचण येते. चारही प्लेटांचा जुळणीबिंदू केसभर सरकला तरी बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत छटा येते किंवा अक्षर भरून जाते. यावर उपाय असा की अक्षरांभोवती निळा, गुलाबी व पिवळा या तीन शाया किंचित मागे ओढून कडा फक्त काळ्या शाईवर ठेवावी. अक्षरांचा आकारही वाढवावा. काळी लॅटिन अक्षरे पांढऱ्यावर ६ पॉइंटला वाचता येतात, पण काळ्यातून कोरलेली देवनागरी अक्षरे मी ८ पॉइंटच्या खाली कधी जाऊ देत नाही, आणि तीही बारीक वळणाची नकोत. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार आणि जोडाक्षरांतल्या पोकळ्या प्रथम भरतात. 'कंप'मधला अनुस्वार भरला की तो 'कप' होतो. घटकांच्या यादीत असे झाले तर तो सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

देवनागरी मजकुराविषयी आणखी एक सूचना. फाइल पाठवताना अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून पाठवावी. छापखान्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षराला लागते, जोडाक्षरे सुटी होतात, आणि तेथे बसलेल्या माणसाला मराठी वाचता येत नसेल तर ते कोणाच्याही लक्षात येत नाही. रूपांतर झाल्यानंतर संपूर्ण मजकूर पुन्हा एकदा छापून, पेन्सिल हातात घेऊन वाचावा. पडद्यावर वाचलेले मी वाचलेले धरत नाही.

पांढऱ्या अक्षरांबाबतची एक चूक मी स्वतः भोगली आहे. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ओव्हरप्रिंट' नावाची सोय असते. काळ्या बारीक अक्षरांना ती उपयोगी पडते, कारण काळा खालच्या रंगावर थेट बसतो. तीच सोय चुकून पांढऱ्या अक्षरांना लागली तर पडद्यावर अक्षरे दिसत राहतात, पण छपाईत नाहीशी होतात, कारण पांढरा म्हणजे कागदाचा रंग आणि 'वर छाप' म्हटल्यावर छापायला शाईच नसते. आमच्या एका कामात वापरण्याची सूचना असलेला सबंध परिच्छेद असा गेला. पीडीएफ पाहताना ओव्हरप्रिंट दाखवणारा पर्याय चालू ठेवला असता तर ते दहा सेकंदांत दिसले असते. आपल्या फाइलमध्ये जवळजवळ सर्व मजकूर पांढरा आहे, म्हणून ही तपासणी अवश्य करावी.

मॅट काळ्या लॅमिनेशनवर नखाचे ओरखडे आणि बोटांचे ठसे ठळक दिसतात. ओरखडे न पडणारी वेगळी मॅट फिल्म मिळते. ती महाग आहे, पण आपल्या खोक्यासाठी मी तिच्यावरच खर्च करीन आणि गरज पडल्यास फॉइल कमी करीन. फॉइल लॅमिनेशननंतर लागते, म्हणून ते त्या विशिष्ट फिल्मवर टिकते का याची चाचणी आधी घ्यावी. चिकटपट्टी दाबून ओढली असता सोने तिच्यावर येऊ नये. फॉइलमधली रेघ ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नये, आणि जाड व अतिबारीक आकार एकाच ब्लॉकवर आणू नयेत, कारण दोघांना लागणारा दाब आणि उष्णता वेगळी असते.

कापण्याच्या रेघेबाहेर ३ मिलिमीटर रंग वाढवावा, आणि कापण्याच्या व घडीच्या रेघांपासून आत ३ मिलिमीटरपर्यंत महत्त्वाचे काही ठेवू नये. डाय अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतेच, म्हणून दोन रंगांची सीमा नेमकी घडीवर आणू नये. चिकटवायच्या पट्टीवर शाई, वार्निश किंवा फिल्म असली की नेहमीचा गोंद धरत नाही. ती पट्टी कोरी सोडावी, फक्त घडीच्या पलीकडे दोन-तीन मिलिमीटर काळा रंग न्यावा, म्हणजे कोपऱ्यात पांढरी रेघ दिसणार नाही. बॅच क्रमांक आणि तारीख नंतर छापणार असाल तर त्या जागेची शाई लॅमिनेशनवर पुसली जाते का ते पाहावे, किंवा ती माहिती बुडाच्या कोऱ्या झडपेवर न्यावी.

बारकोडची जागा आपल्या डिझाइनमध्ये दिलेली नाही. दुकानात वापरल्या जाणाऱ्या ईएएन-१३ कोडचे मूळ माप दोन्ही कडांच्या मोकळ्या जागेसह ३७.२९ गुणिले २५.९३ मिलिमीटर असते आणि ते ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येते, म्हणजे सुमारे २९.८३ गुणिले २०.७४ मिलिमीटर. आपल्या खोक्याची बाजू वरच्या उदाहरणाप्रमाणे ३५ मिलिमीटरची धरू. पूर्ण मापाचा कोड आडवा बसणार नाही, ८० टक्क्यांचा बसेल. त्याला पांढरी चौकट आणि काळ्या रेघा द्याव्यात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या किंवा सोनेरी रेघांचा कोड चालत नाही, कारण यंत्राला उजळ पार्श्वभूमी आणि गडद रेघा लागतात; लाल रेघाही चालत नाहीत, कारण अनेक स्कॅनर लाल प्रकाशात वाचतात आणि त्यांना लाल रेघ पांढरीच भासते. ही पांढरी चौकट डिझाइनरला खटकते, म्हणून ती सुरुवातीलाच मांडणीत धरावी.

प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वी तपासायचा नमुना, तीन प्रकारचे असते आणि एकाचे काम दुसरे करत नाही. पीडीएफ मजकूर तपासण्यासाठी, रंग जुळवलेले छापील प्रूफ रंगासाठी, आणि डायलाइनप्रमाणे कापून उभे केलेले प्रूफ दिशा तपासण्यासाठी. तिसऱ्यात एखादी बाजू उलटी छापली असेल तर लगेच कळते. रंग पाहताना प्रकाश महत्त्वाचा असतो. छपाईत यासाठी ५,००० केल्विनच्या जवळचा प्रमाणित प्रकाश वापरतात, आणि घरातल्या पिवळ्या दिव्याखाली दिलेली संमती नंतर वादाचे कारण होते. लॅमिनेशनमुळेही छटा बदलते, म्हणून फिल्म लावलेला तुकडा पाहूनच होकार द्यावा.

सात आठवड्यांचा हिशेब मी असा मांडीन. पहिल्या आठवड्यात बाटली नक्की करून मोजावी. दुसऱ्यात डमी आणि तपशीलपत्र करून दर मागवावेत. तिसऱ्यात डिझाइन डायलाइनवर बसवावे आणि कायद्याने लागणारा मजकूर पक्का करावा. चौथ्यात प्रूफ आणि दुरुस्त्या. संमती मिळताच डाय व ब्लॉक करायला टाकावेत. पाचव्यात छपाई, आणि शाई वाळायला किमान एक दिवस देऊन लॅमिनेशन. सहाव्यात फॉइल, कटिंग आणि पेस्टिंग. सातवा आठवडा मोकळा ठेवावा. तो कशात जाईल हे आज सांगता येत नाही, पण तो जातो.

खोके भरून ज्या मोठ्या पेटीत जातील तिचा विचार डमीच्या आठवड्यातच करावा. कोरुगेटेड पेटीच्या पुठ्ठ्यात मध्ये नागमोडी कागद असतो, त्याला फ्लूट म्हणतात; ई फ्लूट साधारण दीड मिलिमीटर, बी सुमारे तीन आणि सी सुमारे चार मिलिमीटर जाडीचा असतो. पेटी थप्पीखाली किती भार सोसेल याचे प्रसिद्ध सूत्र मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडले. त्यानुसार ताकद ही पुठ्ठ्याच्या कडेच्या मजबुतीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण जाडीच्या केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून पेटी दबत असेल तर नुसती जाडी वाढवण्यापेक्षा चांगल्या कागदाचा पुठ्ठा मागावा. दमट हवेत हीच ताकद झपाट्याने घटते आणि थप्पीत पेटीचे कोपरे कोपऱ्यांवर न बसवल्यासही घटते. भरलेली पेटी पाडून पाहण्याची एक रूढ पद्धत आहे: एक कोपरा, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा आणि सहा बाजू, असे दहा वेळा पाडायचे; नऊ किलोपर्यंतच्या पेटीला उंची सुमारे ७६ सेंटिमीटर असते. कोऱ्या डमीत भरलेल्या बाटल्या घालून ही चाचणी घ्यावी. बाटली फुटली तर खोक्यात एक आतली पट्टी वाढवावी लागेल आणि माप बदलेल, म्हणून ही चाचणी छपाईनंतर घेण्यात अर्थ नाही.

छपाईच्या दिवशी शक्य असेल तर स्वतः जावे. पसंत पडलेल्या शीटवर सही करून एक प्रत आपल्याकडे ठेवावी, आणि त्याचबरोबर चालेल इतपत फिकट व चालेल इतपत गडद अशा दोन मर्यादेच्या शीटवरही सही करावी. 'रंग थोडा वेगळा आला' हा वाद मग डोळ्यांवर सोडावा लागत नाही. माल आल्यावर वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून खोके काढून उभे करावेत, बारकोड स्कॅन करावा, आणि चिकटवलेली पट्टी फाडून पाहावी: बोर्डाचे तंतू उपटून आले तर गोंद चांगला बसला आहे, पट्टी स्वच्छ सुटली तर नाही. चिकटवलेले सपाट खोके महिनोन्महिने घट्ट बांधून ठेवले की घडीतला जोर जातो आणि ते उघडायला अवघड होतात. कोरड्या जागी, सैल बांधून, जुने आधी वापरावेत.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर आता देता येते. तपशीलपत्र पाठवल्यावर जो छापखाना बाटली मागेल, डमी करून देईल आणि आपल्या काळ्या रंगाबद्दल व फॉइलबद्दल उलट प्रश्न विचारेल, त्याचा दर दहा-पंधरा टक्क्यांनी अधिक असला तरी मी त्यालाच काम देईन. जो काहीही न विचारता लगेच तारीख सांगेल त्याला देणार नाही. आणि बाटलीचा निर्णय या आठवड्यात होत नसेल, तर सात आठवड्यांत हे खोके करण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या ५०० बाटल्यांसाठी तयार मापाचा साधा काळा खोका घ्यावा, त्यावर एक चांगले छापलेले लेबल लावावे आणि ठरलेल्या तारखेला विक्री सुरू करावी. त्या ५०० बाटल्या जातील तोपर्यंत बाटली ठरलेली असेल, मजकुरातल्या चुका कळलेल्या असतील, आणि २,००० खोक्यांची डाय खऱ्या मापावर करता येईल.